एकोणीस भोकं

दिनांक : १८ जानेवारी २०२४

प्रति,
मा. संचालक,
क्लासिक गाड्यांची रेस्टोरेशन कंपनी,
पेनसिल्व्हेनिया

विषय : १९८१ च्या डिलोरियन गाडीचं सदोष काम, न परतलेलं मूळ बॉनेट आणि पैशांचा परतावा

महोदय,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मराठीत लिहितोय, कारण आपला व्यवहार मराठीतच ठरला होता. मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत उभे असताना तुम्ही मला म्हणालात, "काका, गाडी माझ्याकडे सोडा आणि निर्धास्त राहा." मी सोडली. हल्ली निर्धास्त मात्र नसतो. याच मजकुराची इंग्रजी प्रत सोबत जोडली आहे, ती तुमच्या वकिलांसाठी.

आपलं काय ठरलं होतं, ते आधी लिहितो. गाडीला 'बॅक टू द फ्युचर' या इंग्रजी चित्रपटाच्या पहिल्या भागात सुरुवातीला दिसणाऱ्या टाइम मशीनचं (तीही डिलोरियनच) रूप द्यायचं, पण आतली डिलोरियन जशी आहे तशी राहू द्यायची. उद्या माझ्या मुलीला टाइम मशीन नको झालं, तर एका शनिवार-रविवारात पाना घेऊन सगळं उतरवता यावं आणि खाली १९८१ ची गाडी सापडावी. त्यासाठी तुमच्याच माणसाने कागदावर लिहून दिलं होतं की बाहेरच्या पत्र्याला एकही नवं भोक पडणार नाही. पट्ट्या, डबे, वायरी, सगळं काही मुळात असलेल्या बोल्टच्या जागांवर ब्रॅकेट लावून किंवा व्हीएचबी या घट्ट धरणाऱ्या दुहेरी चिकट टेपने बसेल. त्या कागदावर तुमची सही आहे, त्याचा फोटो जोडला आहे.

४ नोव्हेंबरला गाडी घरी आली. पाच महिन्यांचं काम चौदा महिन्यांनी झालं, त्याबद्दल मी काही म्हणत नाही, जुन्या गाडीच्या कामाला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात उभी करून मी तिच्याभोवती फिरलो आणि भोकं मोजली. एकोणीस. दोन्ही पुढच्या फेंडरांवर (चाकांवरच्या पत्र्यांवर) मिळून आठ, दारांवर चार, मागच्या बाजूच्या पत्र्यांवर सात. प्रत्येकात अॅल्युमिनियमचा रिव्हेट.

डिलोरियनच्या पत्र्याला भोक पाडणं म्हणजे काय, हे या धंद्यातल्या माणसाला सांगावं लागू नये. पण लागतंय, म्हणून सांगतो. या गाडीला बाहेरून रंगच नाही. फायबरग्लासच्या सांगाड्यावर ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलचे पत्रे बसवलेले आहेत, अगदी आपल्या स्वयंपाकघरातल्या डब्यांसारखे. दुसऱ्या कुठल्याही गाडीला चुकून भोक पडलं तर वेल्डिंग करा, लांबी (पुटी) भरा, घासा, रंग मारा, कुणाच्या लक्षात येणार नाही. इथे लांबी भरली की ती तशीच दिसते, कारण वरून झाकायला रंग नाही. वेल्ड केलं तर पत्रा पिळतो आणि त्यावरची रेषांची नक्षी पुन्हा हाताने जुळवावी लागते. हे काम जमणारी माणसं फार थोडी आहेत, आणि तुमच्याकडे ती नाहीत हे मला आता कळलंय.

कारण पुढची गोष्ट त्याहून वाईट आहे. डाव्या दारावर एक जुना ओरखडा होता, तुम्ही तो "फुकटात काढून दिला". मूळ पत्र्यावरच्या रेषा एकाच दिशेने जातात, आणि ओरखडा काढायचा तर त्याच दिशेने, हलक्या हाताने, पॅडने घासत जावं लागतं. तुमच्या माणसाने गोल फिरणारा सँडर, म्हणजे घासायचं यंत्र, चालवला. आता ऊन तिरपं पडलं की दारावर गोल गोल चकत्या दिसतात. बायको म्हणाली, "तारेच्या घासणीने कढई घासल्यासारखं दिसतंय." ती रागाने बोलली, पण नेमकं बोलली, कारण नंतर तारेचा ब्रशही निघाला. रिव्हेटच्या कडा साफ करायला तुम्ही साध्या लोखंडी तारेचा ब्रश वापरलात. त्याचे कण स्टेनलेसमध्ये रुतून बसतात आणि पाणी लागलं की गंजतात. थँक्सगिव्हिंगच्या पावसानंतर प्रत्येक रिव्हेटभोवती तांबूस ठिपके आले. न गंजणारी म्हणून जिची जाहिरात झाली ती गाडी, चाळीसेक वर्षं तशीच राहिलेली, तुमच्याकडून घरी आल्यावर तीन आठवड्यांत गंजली.

फोनवर तुमच्या मॅनेजरने मला सांगितलं, की चित्रपटवाल्यांनीही तशीच भोकं पाडली होती, म्हणजे हे काम "अस्सल" आहे. या उत्तराचा मी बराच विचार केला. १९८५ साली आलेल्या पहिल्या भागासाठी त्यांनी तीन डिलोरियन वापरल्या. बेलफास्टजवळच्या डनमरीचा डिलोरियन कारखाना १९८२ च्या शेवटी बंद पडला होता आणि या गाडीला विचारणारं कुणी नव्हतं. त्यांना ती शूटिंगपुरती टिकवायची होती. मुख्य गाडीचं पुढे काय झालं हेही तुम्हाला ठाऊक असेल. थीम पार्कमध्ये उघड्यावर राहून तिची रया गेली आणि २०११-१२ मध्ये चाहत्यांच्या एका चमूने तिचा एकेक भाग शोधून तिला परत उभी केली. पुढे ती लॉस एंजेलिसच्या पीटरसन या गाड्यांच्या संग्रहालयात ठेवली गेली. मला भोकं असलेली गाडी हवी असती तर करारात "भोकं पाडू नयेत" असं मी का लिहून घेतलं असतं? एकूण नऊ हजारांच्या आसपास बनलेल्या गाड्यांपैकी माझी एक आहे. भोक पाडायला तुमच्या माणसाला अर्धा मिनिट लागला असेल, आणि तो पत्रा बदलायचा तर दुसरा मिळाला पाहिजे. मी चौकशी केली. डावा फेंडर कोरा मिळत नाहीये, दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा काढलेला शोधावा लागेल.

आता बॉनेट. डिलोरियनचं इंजिन मागे असतं आणि पेट्रोल पुढे, बॉनेटखाली भरतात. माझी गाडी सुरुवातीच्या खेपेतली आहे, त्यामुळे तिच्या बॉनेटला पेट्रोल भरायची छोटी झडप होती. नंतरच्या गाड्यांमधून कंपनीने ती झडप काढून टाकली, तेव्हापासून पेट्रोल भरायला अख्खं बॉनेट उघडावं लागतं. गाडी परत आल्यावर न्यू जर्सीच्या पंपावर मी नेहमीप्रमाणे किल्ली घेऊन झडप शोधायला गेलो. (न्यू जर्सीत पेट्रोल पंपावरचा माणूसच भरतो, पण डिलोरियनचं झाकण दाखवायला मला दर वेळी उतरावं लागतं.) झडप नव्हती. झडपच काय, बॉनेटच दुसऱ्या गाडीचं होतं. तुमच्या इनव्हॉइसमध्ये याबद्दल एक अक्षर नाही. विचारल्यावर मॅनेजर म्हणाले, "जुनं डॅमेज होतं." आमच्या घरून गाडी निघाली त्या दिवशीचे फोटो जोडले आहेत, त्यात बॉनेट नीट बघा. डॅमेज असतं तरी काढलेला भाग ग्राहकाला विचारल्याशिवाय ठेवून घ्यायचा तुम्हाला काय अधिकार? झडपेचं बॉनेट बाजारात किती जातं हे मलाही कळतं.

फ्रेमबद्दल थोडक्यात. डिलोरियनची फ्रेम साध्या पोलादाची, त्यावर इपॉक्सीचा थर. क्लच-ब्रेकचं तेल त्यावर गळलं किंवा कुठे तडा गेला की पाणी आत शिरतं आणि गंज आतल्या आत पसरतो. हे बघून, खरवडून, पुन्हा थर द्यायचे तुम्ही माझ्याकडून ३,२०० डॉलर घेतलेत. मी जॅक लावून खाली गेलो आणि पुढच्या उजव्या कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं. काळ्या रंगाची खपली निघाली, आत जुना गंज तसाच. रंग ताजा होता. गंजावरून स्प्रे मारायला ३,२०० डॉलर लागत असतील तर मीही हाच धंदा करीन.

टाइम मशीनचं काम तरी बरोबर असावं की नाही? डॅशबोर्डवर तीन ओळींचे आकडे असतात : वर लाल, जायची वेळ, मध्ये हिरवी, आत्ताची वेळ, खाली पिवळी, निघाल्याची वेळ. तुम्ही हिरवी वर लावली आणि लाल मध्ये. गाडीजवळ येणारं सहा वर्षांचं पोर आधी तिकडेच बोट दाखवतं. शिवाय मी पहिल्या भागाची सुरुवात मागितली होती, प्लुटोनियमच्या डब्यासकट. तुम्ही मागे मिस्टर फ्युजन, म्हणजे कचऱ्यावर चालणारं ते यंत्र, लावलंत, जे त्या भागात थेट शेवटच्या दृश्यात येतं. चित्रपटात ते क्रुप्स कंपनीच्या कॉफी दळायच्या यंत्रापासून बनवलं होतं. माझ्या गाडीवर जे आहे ते मिक्सरचं चटणीचं भांडं आहे. झाकणावरची पकड अजून तशीच आहे. हौसेचं म्हणून एखादी चूक मी हसून सोडली असती, पण ९५० डॉलर लावून केलेली चूक सोडवत नाही.

हे हौसेचं झालं. पुढचं मात्र धोक्याचं आहे, आणि तुम्ही त्याकडे आधी लक्ष द्यावं. डिलोरियनची वर उघडणारी दारं पोलादी टॉर्शन बारवर, म्हणजे पीळ देऊन स्प्रिंगसारख्या केलेल्या सळयांवर, तोलली जातात. ग्रमन या विमान कंपनीने ते बार द्रव नायट्रोजनच्या गारठ्यात पिळून तयार केले होते. ते छपराच्या मधल्या भागात बसतात आणि सतत ताणलेले असतात. त्याच छपराला तुम्ही आतून स्विचांचं पॅनेल लावलंत, चार लांब स्क्रू मारून. त्यातला एक बारच्या अगदी जवळून गेलाय, माझ्या बोटभर अंतरावरून. तेव्हापासून चालकाचं दार वर राहत नाही, अर्ध्यात येऊन हळूहळू खाली बसतं. डिसेंबरमध्ये ते बायकोच्या खांद्यावर आलं. हाड मोडलं नाही, निळं पडलं होतं. मी त्या स्क्रूला हात लावलेला नाही, कारण त्या बारचा ताण सोडायची अवजारं आणि अक्कल दोन्ही माझ्याकडे नाहीत. तुमच्याकडे आहेत असंही आता मी धरून चालत नाही.

वायरिंगचंही बघा. मागच्या जाळीदार झडपा काढून वर जो सगळा सेटअप बसवलाय, त्याच्या वायरी इंजिनच्या अगदी गरम भागावरून गेल्या आहेत. दोन ठिकाणी त्यांचं वेष्टन वितळलंय. पेट्रोलचे पाइपही तिथेच. आणि कूलंटची बाटली बघायची तर चौदा स्क्रू काढून अर्धं टाइम मशीन उतरवावं लागतं. मी हे दर शनिवारी करावं अशी अपेक्षा होती का? दिवे सगळे एकदम लावले की बॅटरी वीस मिनिटांत बसते, कारण बॅटरी चार्ज करणारा जुना अल्टरनेटर एवढा भार पेलत नाही. तो बदलायला मी आधीच सुचवलं होतं. "गरज नाही" असा तुमचा ईमेल आहे.

मी डोंबिवलीत व्हिडिओ लायब्ररीतून कॅसेट आणून हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला, त्याला छत्तीसेक वर्षं झाली. त्या वयात कुणी सांगितलं असतं की ही गाडी तुझ्या दारात उभी राहील, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. गाडी २०१७ मध्ये घेतली, तीही नीट ठेवलेली. तिच्यावर पहिलं भोक माझ्या परवानगीशिवाय पडलं, हे मनातून जात नाही. आईची स्टीलची भांडी आठवतात. त्यांच्यावर नाव घालायचं असलं की ती दुकानात स्वतः जाऊन उभी राहायची, कारण चुकलं तर खोडता येत नाही.

माझं म्हणणं असं आहे. माझं झडपेचं मूळ बॉनेट दहा दिवसांत माझ्या घरी पोचवा. रेषा जुळवण्याचं काम जाणणाऱ्या दुसऱ्या कारागिराकडून मी पत्र्यांची तपासणी करून घेतोय. त्याचा खर्च आणि तो सांगेल ती दुरुस्ती तुमच्याकडे. फ्रेमचे ३,२०० आणि भांड्याचे ९५० डॉलर परत. दार आणि वायरिंग तुमच्याकडे नको, डिलोरियनचं काम रोज करणाऱ्या गॅरेजकडे मी गाडी पाठवतोय, बिल तुम्हाला येईल. एकूण ३८,५०० डॉलर मी भरलेत, उरलेले ३,५०० आता देणार नाही. महिन्याभरात उत्तर आलं नाही, तर न्यू जर्सीच्या ग्राहक फसवणूक कायद्याखाली दावा दाखल होईल. त्यात नुकसानीच्या तिप्पट भरपाई आणि वकिलाची फी मिळू शकते, हे मी तुम्हाला धमकी म्हणून लिहीत नाहीये. माझ्या वकिलाने मला सांगितलं, मी तुम्हाला सांगतोय.

सोबत : करारनाम्याचा फोटो, गाडी घरून निघाली त्या दिवशीचे फोटो, इनव्हॉइसची प्रत, भोकांचे एकोणीस फोटो (प्रत्येकावर आकडा घातलाय), तुमचे ईमेल, पत्राची इंग्रजी प्रत.

गाडी बघायला तुम्ही स्वतः येणार असाल तर जरूर या, चहा मिळेल. फक्त आधी फोन करा. चालकाचं दार तुम्ही उघडू नका, ते मी धरून उघडतो.

आपला,
(सही)
ग्राहक, न्यू जर्सी