सोसायटीचा संगणक भंगारात देण्याआधी : सहकार मंत्र्यांना खुले पत्र

मा. सहकार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. शाळा, कृषी केंद्रं, एकदोन जिनिंग आणि आसपासच्या सेवा सहकारी सोसायट्या ही माझी गिऱ्हाइकं. हे पत्र सोसायट्यांपुरतं आहे, कारण कास्तकाराचं कर्ज तिथल्या वहीत लिहिलेलं असतं आणि ती वही आता अवघड जागी अडकली आहे.

प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे याच सोसायट्यांच्या, संगणकीकरणाची २,५१६ कोटींची योजना केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये मंजूर केली. ६३ हजार संस्था, सगळ्यांना एकच सॉफ्टवेअर. योजना चांगली आहे, तिच्यावर माझी तक्रार नाही. पण माझ्याकडे येणाऱ्या काही सोसायट्यांकडे त्याच्या कितीतरी आधीपासून कुणाकडून तरी बनवून घेतलेलं सॉफ्टवेअर आहे. व्हिज्युअल बेसिक ६ या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं, खाली अ‍ॅक्सेसची फाइल (सगळा डेटा तिच्यात), विंडोज एक्सपीच्या जमान्यातलं. बनवणारा पोरगा केव्हाच पुण्याला निघून गेला आणि फाइलचा पासवर्ड त्याच्यासोबत गेला.

नवं मशीन आलं की पहिला निरोप मला येतो, "भाऊ, जुनं याच्यात टाकून द्या." टाकता येतं. त्या भाषेचा आधार मायक्रोसॉफ्टने २००८ मध्येच काढला असला, तरी तिचे प्रोग्राम चालवायला लागणाऱ्या फाइली विंडोज ११ मध्येही येतात. आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, तिथे एक्सपी निवडलं की बहुतेक वेळा स्क्रीन उघडते आणि सगळे खूश होतात. खरी गडबड त्यानंतर सुरू होते.

एका गटसचिवांचा वसुलीच्या दिवसांत फोन आला, "काल त पावत्या टाकल्या होत्या, आज एकबी दिसून नाही राह्यली." जाऊन बघितलं तर पावत्या होत्या, पण दुसऱ्याच जागी. विंडोज व्हिस्टापासून साध्या लॉगिनवर चालणाऱ्या प्रोग्रामला 'प्रोग्राम फाइल्स' फोल्डरमध्ये लिहायला मनाई आहे. जुनं सॉफ्टवेअर आपली वही, म्हणजे डेटाची फाइल, नेमकी तिथेच ठेवतं. ते बंद पडू नये म्हणून विंडोज त्या वहीची एक प्रत त्या लॉगिनच्या 'व्हर्च्युअल स्टोअर' फोल्डरमध्ये करतं आणि सगळं लिखाण गुपचूप तिकडे वळवतं. सचिवांचं लॉगिन वेगळं, ऑपरेटरचं वेगळं, म्हणजे दोन वह्या झाल्या. मध्येच कुणी 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडलं की लिखाण मूळ फाइलमध्ये, ती तिसरी. एरर कुठेच येत नाही. ज्याने कर्ज भरलं तो एका वहीत बेबाक आणि दुसऱ्या वहीत थकबाकीदार! आम्ही पावतीपुस्तक समोर ठेवून तिन्ही वह्या जुळवल्या आणि सॉफ्टवेअर उचलून डी ड्राइव्हवर ठेवलं. तेवढ्याने ते काम भागलं, पण हे ठाऊक नसलेला माणूस काय करणार? तो फॉरमॅट मारतो, आणि फॉरमॅटमध्ये व्हर्च्युअल स्टोअरही जातं.

नावांचं दुखणं आणखी वेगळं. ही सॉफ्टवेअरं कृतिदेवसारख्या जुन्या फाँटवर चालतात. पडद्यावर 'राम' दिसतं, आत मात्र जे, के, ई ही तीन इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात. फाइल दुसरीकडे नेली की गावातल्या सगळ्या खातेदारांच्या नावांचा काला होतो. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर सारख्याच दिसणाऱ्या मराठीत, बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरांवर आणि रफारावर ते घसरतात, आणि आपल्याकडच्या आडनावांत रफार कमी आहेत का? मग आधारवरच्या नावाशी ते जुळत नाही आणि खातेदार चकरा मारत बसतो.

विंडोजच्या आधीच्या डॉसवर चालणाऱ्या, फॉक्सप्रो या डेटाबेसमध्ये बनवलेल्या सॉफ्टवेअरचं तर विचारूच नका. ६४ बिट विंडोजवर ते उघडतच नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं. मी डॉसबॉक्सवर, म्हणजे डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, चालवून देतो. ते मुळात जुने गेम खेळायला बनवलेलं आहे. त्यावर लोकांच्या पीककर्जाचा हिशेब उघडायचा म्हणजे कठीणच आहे.

तुम्ही म्हणाल, नव्या प्रणालीत आकडे भरले की जुन्याची गरज काय? मी ज्या सोसायट्या बघितल्या, तिथे नव्यात गेली ती शिल्लक. मागच्या उचल आणि भरण्याच्या नोंदी जुन्यातच राहिल्या. २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ या काळात उचललेलं आणि ३० सप्टेंबर २०१९ ला थकलेलं कर्ज धरलं होतं. कोणत्या तारखेला उचललं, कधी भरलं, हे नुसत्या शिल्लकेतून कळत नाही. पुन्हा अशी योजना आली, किंवा वारसाने बापाचा खातेउतारा मागितला, तर सचिव कोपऱ्यातल्या त्याच मशीनची धूळ झटकणार.

आणि ते मशीन किती दिवस राहील? एक्सपीचे सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ ला बंद झाले, विंडोज १० चे १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ती जुन्या बोर्डांवर नाही. म्हणून मशीन भंगारात काढायची घाई चालली आहे. भंगारवाला वजन बघतो, हार्ड डिस्कमध्ये काय आहे ते त्याच्या कामाचं नाही.

म्हणून मागणं एवढंच, की जुनं मशीन निकाली काढण्याआधी त्यातला पूर्ण डेटा, शिल्लक आणि नोंदी दोन्ही, युनिकोडमध्ये आणि कुठल्याही संगणकावर उघडेल अशा साध्या सीएसव्ही फाइलमध्ये काढून घ्यावा, असं परिपत्रक काढा. तोवर त्या मशीनची इंटरनेटची वायर काढून ठेवा आणि हार्ड डिस्कची एक प्रत सहायक निबंधकांच्या कार्यालयात जमा करून घ्या. पासवर्ड हरवलेल्या आणि डॉसवाल्या फाइली सचिवाच्या गळ्यात मारू नका. त्यासाठी जिल्ह्याला एक जाणकार माणूस द्या, कंत्राटी चालेल. यापुढे कुणाकडूनही सॉफ्टवेअर घ्याल तेव्हा डेटा बाहेर काढून देण्याची अट करारात लिहून घ्या.

आणि एक. सातबारा संगणकावर आला तेव्हा चावडीवाचन झालं होतं. सोसायटीच्या खात्यांचंही करा. प्रत्येक खातेदारासमोर जुना उतारा आणि नवा उतारा वाचा, तो बरोबर म्हणाला की सही घ्या. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्याव्याच लागतात, सभासद त्या दिवशी जमतातच. परिपत्रक जुलैत निघालं तर सचिवांना उतारे छापायला पुरेसा वेळ मिळेल. डॉट मॅट्रिक्सची रिबन मी दुकानात भरून ठेवतो.

आपला,
एक संगणक दुरुस्तीवाला,
जि. यवतमाळ