इनामगावची माणसं सभ्य होती का?

पुणे

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. ‘शहर नाही, लिपी नाही, तिथे सभ्यता कसली?’ असं तू ठणकावून लिहिलंयस. चिडलो, पण उत्तर लिहायचा मोह आवरेना.

तुझ्या पाठीशी मोठं नाव आहे. पुरातत्त्वज्ञ गॉर्डन चाइल्ड यांनी १९५० साली नागर समाजाची दहा लक्षणं मांडली: मोठी वस्ती, भव्य वास्तू, लेखन, दूरचा व्यापार वगैरे. जास्तीचं धान्य कुणाच्या हाती जमतं हे त्यांनी नेमकं विचारलं, ते मला मोलाचं वाटतं. यादी मात्र आखूड पडते. दक्षिण अमेरिकेत, पेरूतल्या इंकांनी लिपीवाचून, दोऱ्यांच्या गाठींत हिशेब ठेवून साम्राज्य चालवलं. त्यांना काय नापास करायचं?

पण पेरू कशाला, आपल्या शिरूर तालुक्यातलं इनामगाव घे. घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षं नांदलेलं ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरणाऱ्या काळातलं गाव. लिपी नाही, नगर नाही. कुडाची घरं, जवाची शेती, आणि नदीचं पाणी वळवायला खणलेला पाट. तो पाट एकट्यादुकट्याचं काम नव्हे. कुणीतरी माणसं जमवली असणार, आणि पाण्याची पाळीही ठरवली असणार.

लहान मूल गेलं की दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात त्याला ठेवत आणि घरातल्याच जमिनीखाली पुरत. सोबत मडकी. मोठ्यांना पुरताना मात्र बहुधा घोट्याखालून पाय तोडलेले! मेलेल्याने उठून कुठे जाऊ नये म्हणून, असा एक तर्क आहे. मला तो पटतो. भीती आणि माया एका घरात राहू शकतात.

खरी गंमत पुढे आहे. गावाच्या मध्यावर पाच खोल्यांचं एक मोठं घर, तिथेच धान्याचं कोठार. त्याच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला एक पुरुष सापडला. त्याचे पाय शाबूत! कोठार ज्याच्या घरात, त्याला मेल्यावरही वेगळा नियम. म्हणजे तू ज्याला शहराची करणी समजतोस ती उतरंड या खेड्यात आधीच होती, आणि लेकराला उराशी धरायची रीतही होती. वेशीबाहेर रानटीपणा आणि वेशीच्या आत सभ्यता, अशी तुझी वाटणी मला म्हणूनच मान्य नाही. समाज पाणी कसं वाटतो, कोठाराची किल्ली कुणाकडे देतो, मेलेल्यांचं काय करतो, यावरून मी त्याला जोखीन. त्या कसोटीवर इनामगाव मला निर्मळ दिसत नाही. मोहेंजोदडोही दिसत नाही.

इसवी सनापूर्वी हजारच्या सुमारास पाऊसमान घटलं असावं. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेळ्यामेंढ्यांवर भिस्त वाढली. पुस्तकं याला ऱ्हास म्हणतात. तरी गाव तिथेच आणखी तीनशे वर्षं टिकलं. एवढी चिकाटी चाइल्डच्या दहा रकान्यांत कुठे बसवतोस ते सविस्तर कळव. पोस्टकार्डावर भागवू नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश