‘जुन्या जीपसाठी संपूर्ण संच’: डाव्या चाकाचे आटे विसरलेल्या कंपनीला तक्रार पत्र

प्रति,
व्यवस्थापक, उत्पादन व ग्राहक सेवा विभाग

विषय: जाम झालेले चाकाचे नट व ब्रेक ड्रम काढण्याच्या संचातील चुकीच्या सूचना, चुकीचे नट आणि त्यामुळे झालेले नुकसान

महोदय,

आज दुपारी तुमच्या ग्राहक सेवेने माझी तक्रार ‘निवारण झाले’ असा संदेश पाठवून बंद केली. निवारण काहीही झालेले नाही. माझ्या जुन्या जीपच्या मागच्या डाव्या चाकाचा एक स्टड, म्हणजे नट ज्यावर चढतो तो बोल्ट, तुमच्या माहितीपत्रकाप्रमाणे पाना फिरवल्यामुळे तुटला आहे आणि दुसऱ्याचे आटे तुमच्या खोक्यातल्या नटने खाल्ले आहेत.

खोक्यावर तुम्ही विलीज आणि सीजे-३बी ही जुन्या जीपची नावे मोठ्या अक्षरांत छापली आहेत. या गाड्यांच्या डाव्या बाजूच्या दोन्ही चाकांना मूळचे उलटे आटे असतात, म्हणजे नट घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो, हे तुम्हाला माहीत असलेच पाहिजे. गाडी पुढे जाताना डावे चाक बाहेरून पाहिले तर घड्याळाच्या उलट फिरते. त्या फिरण्याने नट सुटू नये म्हणून त्या काळी डावीकडे उलटे आटे देत. स्टडच्या टोकावर ‘एल’ अक्षर असते, पण गंज आणि रंगाच्या थराखाली ते दिसत नाही, तारेचा ब्रश मारावा लागतो. मधल्या काळात हब (चाक ज्यावर बसते तो मधला भाग) बदललेले असले तर डावीकडेही सुलटे आटे सापडतात. म्हणून आधी ब्रश, मग आटे कोणत्या बाजूला चढतात ते बघणे, आणि त्यानंतरच पाना.

तुमच्या पत्रकात यातले काही नाही. एकच वाक्य आहे: ‘सर्व नट घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून सैल करावेत.’ डाव्या चाकावर याचा अर्थ जाम झालेला नट आणखी आवळणे. त्यातच पुढची ओळ म्हणते की नट हलला नाही तर हँडलवर उभे राहावे. हँडल ६०० मिलिमीटर लांब आहे. ७० किलोचा माणूस त्याच्या टोकावर उभा राहिला तर नटवर ४०० न्यूटन-मीटरच्या वर पीळ पडतो. हेच नट बसवताना १०० च्या आसपास पुरतात. अर्धा इंची, गंजलेला स्टड चुकीच्या दिशेने एवढा पीळ घेऊन तुटणार नाही तर काय होणार?

हे सांगायला फोन केला, तर तुमच्या प्रतिनिधीने विचारले, “सर, नट अँटिक्लॉकवाइजच फिरवताय ना?”

मी म्हटले, चाक डावे आहे, आटे उलटे आहेत.

“सर, आमच्या सिस्टिममध्ये सगळे नट अँटिक्लॉकवाइजच खुलतात.”

स्टडवर ‘एल’ आहे, फोटो पाठवतो, असे सांगितले. “फोटोचा ऑप्शन नाही, सर.” वरिष्ठांना द्या म्हटले. बराच वेळ तुमची जाहिरात ऐकवल्यावर वरिष्ठ आले. मी सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगितले: गाडी कोणती, चाक कोणते, अक्षर कोणते. ते मध्येच म्हणाले, “साहेब, नट कुठल्या बाजूला सुटतो हे शाळेतली पोरंसुद्धा सांगतील. तुम्हाला जमत नसेल तर एखादा मेकॅनिक बोलवा ना.” आणि शेवटी, “स्प्रे मारून बर्नरने गरम करा, कसलाही नट सुटतो.”

हे शेवटचे वाक्य तुम्ही तुमच्या सुरक्षा विभागाला वाचून दाखवा. तुमच्या स्प्रेच्या डब्यावर ज्वलनशील असल्याची खूण आहे. ओल्या स्प्रेवर ज्योत धरायला सांगणे म्हणजे माणसाचा हात जाळायला सांगणे. शिवाय त्या नटमागे ड्रमच्या आत व्हील सिलिंडरचे रबर आहे, ग्रीसचे सील आहे, लायनर (ब्रेकच्या घर्षणाच्या पट्ट्या) आहेत. उष्णता द्यायचीच तर सगळे पुसून, सुकवून, फक्त नटला आणि बेताने. खरे तर बहुतेक नटांना तीही लागत नाही. आटे ब्रशने साफ करायचे, गंज सोडवणारे तेल सोडायचे, नटच्या पैलूंवर हलके ठोके द्यायचे, रात्रभर थांबून पुन्हा तेल द्यायचे. मग योग्य दिशेने लावलेला सहा पैलूंचा सॉकेट बहुधा काम करतो. तुमचा सॉकेट बारा पैलूंचा आहे. गंजाने झिजलेल्या नटवर तो फक्त कोपरे धरतो आणि नट गोल करतो. ‘दोन मिनिटांत मोकळा’ हा डब्यावरचा दावाही काढून टाका. तेलाला आट्यांत शिरायला वेळ लागतो.

आता पुलर, म्हणजे हब ओढून काढायचे हत्यार. सीजे-३बीचा मागचा हब निमुळत्या एक्सलवर चावीने (खाचेत बसणाऱ्या लोखंडी पट्टीने) बसतो, तो पुलरशिवाय निघत नाही, म्हणून संच घेतला. हा पुलर चाकाच्या स्टडवरच नटने बांधायचा असतो. सोबत दिलेले सगळे नट सुलट्या आट्यांचे आहेत. म्हणजे डावीकडचा हब या संचाने काढताच येत नाही! तुमचा नट जोर करून चढवला की स्टडचे आटे जातात, तसे ते गेले आहेत. एक्सलचा नट पूर्ण काढू नये, दोन-तीन आट्यांवर ठेवावा, नाहीतर ताण सुटताच हब अंगावर उडतो, ही सूचना कुठेच नाही. उलट ‘एक्सलच्या टोकावर हातोडा मारावा’ असे छापले आहे. त्याने टोकाचे आटे चपटे होतात आणि धक्का थेट बेअरिंगला आणि डिफरन्शियलच्या आत जातो. ड्रमच्या आत झिजून कड तयार झाली असेल तर शू (लायनर लावलेले ब्रेकचे भाग) तिथे अडकतात. ड्रममागच्या बॅकिंग प्लेटवरचे इक्सेंट्रिक (शू पुढे-मागे करणारे स्क्रू) आधी सैल करावे लागतात. तेही नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, ड्रम उघडल्यावर हवा मारू नये, ओल्या फडक्याने पुसावे, हेही नाही.

ही गाडी रस्त्यावर चालते. चाकाचा स्टड आणि ब्रेक यांच्याशी संबंधित वस्तू विकणाऱ्या कंपनीने इतके बेफिकीर असावे, याचे मला फार वाईट वाटते. तुमची हत्यारे चांगल्या पोलादाची आहेत म्हणूनच हा संच निवडला होता.

माझ्या मागण्या अशा: संचाची पूर्ण किंमत, दोन स्टड आणि ते बसवण्याची मजुरी यांची भरपाई. पुलरसोबत उलट्या आट्यांच्या नटांचा जोड, मला आणि हा संच घेतलेल्या प्रत्येक ग्राहकाला. दुरुस्त माहितीपत्रक, त्यात पहिल्याच ओळीत डाव्या चाकाचे उलटे आटे. फोनवर बर्नरचा सल्ला देणे तात्काळ बंद. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ८४ मध्ये वापराच्या पुरेशा सूचना न दिल्याबद्दल उत्पादकाची जबाबदारी स्पष्ट लिहिलेली आहे. तुटलेला स्टड, खराब झालेला नट आणि ‘एल’ अक्षराचे फोटो बिलाच्या प्रतीसह सोबत जोडले आहेत.

आपला ग्राहक