मॉनिटर दुरुस्त करायला आलेल्या भाऊंना

आदरणीय भाऊ,
स. न. वि. वि.

आमच्या अतिदक्षता कक्षातले चार मॉनिटर बघायला तुम्ही आला होतात. तक्रार वहीत लिहिलं होतं, "बरोबर दाखवत नाही." चारही मॉनिटर ठणठणीत निघाले, चूक लावण्यात होती. कुणालाही खजील न करता ती दाखवलीत, म्हणून हे जाहीर आभार. तपशील मुद्दाम लिहितो आहोत, दुसरीकडच्या रात्रपाळीलाही कामी येतील.

आधी रक्तदाब मोजायचा, दंडाला गुंडाळायचा कफ. सगळ्यांना एकच, २७ ते ३४ सेंटिमीटर घेराच्या दंडाचा. निंदणीला जाणाऱ्या बाईचा दंड टेपनं भरला २१. आतल्या पिशवीची रुंदी घेराच्या ४० टक्के आणि लांबी ८० टक्के हवी. कफ मोठा असला तर दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो, लहान असला तर जास्त. फवारणीच्या विषबाधेत हे फार महागात पडतं. ऑरगॅनोफॉस्फरस जातीच्या कीटकनाशकाची बाधा झालेल्या रुग्णाला स्राव आटवणारं अ‍ॅट्रोपिन देताना वरचा दाब ८० च्या वर, नाडी ८० च्या वर आणि छाती कोरडी होईपर्यंत डोस वाढवत नेतात. छाती कोरडी, नाडी १२०, तरी ढिला कफ ७६ च दाखवत राहिला, तर हात पुन्हा सिरिंजकडे जातो. मग ताप चढतो, पोट फुगतं, रुग्ण बडबडू लागतो. आता लहान मापाचे दोन कफ ट्रॉलीलाच बांधून ठेवलेत.

रक्तातला ऑक्सिजन मोजायला बोटाला लावायच्या प्रोबचं तर तुम्ही डॉक्टरांनाही शिकवलंत. आकड्याआधी पडद्यावरची नाडीची लाट बघायची. लाट सपाट किंवा वेडीवाकडी असेल तर आकडा लिहायचाच नाही. कूलरचा झोत थेट हातावर येत असेल तर बोट गार पडतं आणि लाट जाते; खाट फिरवायची किंवा हात चादरीत घ्यायचा. खिडकीतलं ऊन प्रोबवर पडत असेल तर वरून फडकं टाकायचं. मेंदीचं बोट सोडून दुसरं घ्यायचं.

आणि ऑक्सिजनचं ते ८५ टक्के! बोटातून दोन प्रकाश जातात, ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० चा इन्फ्रारेड. मेथहिमोग्लोबिन, म्हणजे ऑक्सिजन वाहू न शकणारं बिघडलेलं हिमोग्लोबिन, दोन्ही जवळजवळ सारखेच शोषतं, म्हणून दोन्हींच्या शोषणाचं गुणोत्तर १ कडे सरकतं, आणि यंत्राच्या कोष्टकात १ समोर ८५ असतं. कपाशीवर मारतात त्या इंडोक्साकार्बच्या विषबाधेत असं होऊ शकतं. ऑक्सिजन कितीही वाढवा, आकडा ८५ च्या आसपास अडकून राहतो. पांढऱ्या गॉजवर रक्ताचा थेंब टाकायचा. हवेत ठेवूनही चॉकलेटीच राहिला तर प्रोब बदलत बसू नये, त्यावरचं औषध, मिथिलिन ब्लू, काढावं. पुस्तकात हे आम्ही वाचलं होतं, पण असं कोष्टकातलं ८५ म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

ईसीजीची जाड, केसाळ रेघ म्हणजे ५० हर्ट्झची वीज आत शिरलेली. आम्ही इलेक्ट्रोड बदलत होतो, तुम्ही बाहेर जाऊन अर्थिंगचा खड्डा बघितलात. मे महिन्यात काळी माती भेगाळून पट्टीपासून सुटते. न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज दोन-तीनच्या आत हवा, तो बराच वर होता. चार बादल्या पाणी ओतल्यावर खाली आला. उन्हाळाभर रोज पाणी टाकायचं काम आता शिपाईदादांच्या यादीत आहे. इलेक्ट्रोडचं उघडं पाकीटही आम्ही ठेवत नाही, कारण या हवेत जेल वाळून चामड्यासारखं होतं.

पोर्टेबल एक्स-रे तुमच्या कामात मोडत नव्हता, तरी फिल्म बघून थांबलात. एक फुफ्फुस पांढरं होतं आणि आम्ही छातीत पाणी समजून ते काढायला सुईची तयारी केली होती. ग्रिड, म्हणजे विखुरलेले किरण अडवणारी फिल्मपुढची जाळी, गादीत एका बाजूला कलली होती, एवढंच. तेव्हापासून ग्रिडखाली फळी, नळी १०० सेंटिमीटरवर आणि किरण ग्रिडला काटकोनात. गळ्याखालच्या दोन्ही हसळ्यांची आतली टोकं मणक्यापासून सारख्या अंतरावर दिसली नाहीत तर रुग्ण वळलेला आहे, फिल्म पुन्हा. कळ दाबताना दोन मीटर लांब आणि अंगात शिशाचा एप्रन, हे वेगळं सांगायला नको. शंका राहिली तर सोनोग्राफीचा प्रोब बरगड्यांमध्ये ठेवायचा. पाणी असेल तर छाती आणि पोटामधल्या पडद्याच्या वर काळं दिसतं, आणि सुई त्यानंतरच.

सोनोग्राफीच्या प्रोबच्या रबरावर स्पिरिट मारू नका म्हणाला होतात, ते आता कुणी मारत नाही. पण आधीचं नुकसान झालेलं दिसतं. सांगितल्याप्रमाणे जेल न लावता कागदांना लावायची तारेची क्लिप प्रोबवरून सरकवली, तर डाव्या टोकाला दोन जागी मशीनच्या पडद्यावर काहीच उमटत नाही. सोनोग्राफीचं पोर्टेबल मशीन नोंदणीच्या जागेबाहेर असंच नेता येत नाही, म्हणून तुम्हालाच यावं लागेल. पोळ्याआधी जमलं तर बरं, त्यानंतर फवारणीचे रुग्ण वाढतात.

आपले,
रात्रपाळीचे डॉक्टर, सिस्टर आणि एक्स-रे टेक्निशियन
पश्चिम विदर्भातलं एक ग्रामीण रुग्णालय