न धुतलेल्या जखमा

प्रिय बाळा,

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, रविवारी चर्चमध्ये सगळे गातात तेव्हा माझे नुसते ओठ हलतात. बाबा गेल्यापासून आनंदाची गाणी म्हणणं खोटं वाटतं." तेव्हा मला काही सुचलं नाही, म्हणून आज लिहायला बसले.

ओठही हलवू नकोस. गप्प उभा राहा. देवाला चालतं ते.

गेल्या आठ महिन्यांत हे सोंग मीही केलंय. भेटायला येणाऱ्यांना हसून "प्रभूची इच्छा" म्हणायचं आणि ते गेले की नळ सोडून रडायचं. एका बाईंनी तर "विश्वासणाऱ्यांनी एवढं रडू नये" असं सुनावलं. बायबलमधला योहानाचा 11 वा अध्याय उघडून त्यांच्यापुढे धरावासा वाटला. मेलेल्या लाजराला आपण पुन्हा उठवणार हे येशूला ठाऊक होतं, तरी कबरेकडे जाताना तो रडला. थेस्सलनीकाच्या मंडळीला प्रेषित पौलाने पत्रात लिहिलं ते "ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका" असं. लोक त्यातली आशा गाळतात आणि नुसतं "शोक करू नका" हातात ठेवतात. दुःखी माणसापुढे गाणी गाणं म्हणजे थंडीत त्याच्या अंगावरचं वस्त्र काढून घेणं, असं नीतिसूत्रांत आहे. बाईंनी तेही वाचलेलं नसावं. (असो, मन साफ नाही माझं अजून.)

आता तुझा खरा प्रश्न. "सर्वदा आनंद करा" हे फिलिप्पैकरांच्या पत्रातलं वाक्य तुला डाचतं. ते पत्र पौलाने कैदेत लिहिलं हे तू चर्चच्या शब्बाथशाळेत शिकलास. पण त्याचा दुसरा अध्याय पुन्हा वाच. पौलाचा सोबती एपफ्रदीत मरणाच्या दारी होता. देवाने त्याच्यावर दया केली, माझ्यावरही केली, मला दुःखावर दुःख होऊ नये म्हणून, असं पौल सांगतो. म्हणजे एक दुःख आधीच होतं, आणि ते लपवायची त्याला गरज वाटली नाही. एपफ्रदीत वाचला. बाबा वाचले नाहीत. असं का, हे मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असल्याचा आव मी तुझ्यापुढे आणणार नाही.

स्तोत्र 88 ही वाच. 18 वचनं, आणि शेवट अंधारात. पुढे स्तुतीची एक ओळही जोडलेली नाही. तरी ते स्तोत्र पवित्र शास्त्रातच आहे.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली होती. शेवटच्या आठवड्यात एका रात्री बाबांना झोप येईना. म्हणाले, "गा काहीतरी." मी हळू आवाजात सुरू केलं. दुसऱ्या ओळीलाच ते हसायला लागले. "तीस वर्षं झाली, तुझा सूर अजून लागत नाही." मग दोघंही हसलो, धाप लागेपर्यंत. थोड्या वेळाने म्हणाले, "पौल आणि सीला तुरुंगात गात होते ना मध्यरात्री, तेव्हा त्यांच्या जखमासुद्धा धुतलेल्या नव्हत्या. त्या नंतर धुतल्या, भूकंप झाल्यावर. तुरुंगाच्या अधिकाऱ्याने."

मी नंतर पडताळून पाहिलं. प्रेषितांची कृत्ये, 16 वा अध्याय, अगदी तसंच आहे. फटके खाल्लेली पाठ तशीच, पाय खोड्यात, आणि गाणं.

त्या रात्री वेदना कमी झाल्या नव्हत्या. मला भीती वाटत होती, त्यांनाही वाटत असणार. पण ते हसणं खोटं नव्हतं, बाळा. मी आनंद म्हणते तो तेवढाच. तो मी ओढून आणला नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी शोधायला गेले तेव्हा सापडलाही नाही. नंतर दोन-तीनदा आला, प्रार्थनेत बसले असताना, काहीच मागत नसताना.

पुढच्या महिन्यात मी येतेय. रविवारी मागच्या बाकावर बसू. गाता आलं नाही तर शेजारचे गातील, आपण ऐकू. आणि मी गायलेच, तर हसायचं नाही असं काही नाही.

तुझी,
आई