बीपी नॉर्मल असूनही धावपळ केलीत, म्हणून

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

गुहागरकडच्या आमच्या वाडीत झावळ्या तोडताना कोयती निसटली आणि अण्णांच्या पोटरीत घुसली. रिक्षातून तुमच्या आरोग्य केंद्रात आणलं तेव्हा पायाला गुंडाळलेला पंचा भिजून जड झाला होता. तुम्ही गॉझची चळत ठेवून तळव्यानं दाबून धरलीत, एकदाही उचलून बघितलं नाहीत. बीपी निघालं ११८/९२, नाडी १२०. "नॉर्मल आहे की!" म्हणून काका बाकावर टेकले, आणि तुम्ही मात्र १०८ला फोन लावायला सांगितलंत. काका तेव्हा जरा फणफणलेच.

नंतर तुम्ही जे समजावलंत, ते मला अजून पाठ आहे. मानेतल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या धमन्यांत दाब जोखणारी केंद्रं असतात. रक्त गेलं की काही सेकंदांत ॲड्रेनलिन आणि नॉरॲड्रेनलिन ही संप्रेरकं सुटतात, ठोके वाढतात, कातडीच्या आणि आतड्याच्या वाहिन्या आवळल्या जातात. म्हणून अण्णांचे हात गार आणि घामानं चिकट होते. मूत्रपिंडातून रेनिन सुटतं, त्यामुळे रक्तात अँजिओटेन्सिन-२ तयार होतं. ते वाहिन्या आणखी आवळतं, तहान लावतं आणि ॲल्डोस्टेरॉन या संप्रेरकाला कामाला लावून मीठ राखतं. मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून येणारं व्हॅसोप्रेसिन पाणी राखतं. गणपतीत उसनवारी करून आरास तशीच ठेवावी, तसं ते ११८. प्रौढाच्या साधारण ५ लिटर रक्तातलं लिटरभर गेलं तरी वरचा आकडा टिकू शकतो. तुम्ही बघत होतात ती नाडी, आणि वर सरकलेला खालचा आकडा.

अण्णा बीपीची कुठली गोळी घेतात, हे तुम्ही आधी विचारलंत. काही गोळ्या ठोके वाढूच देत नाहीत, मग नाडीवरही भरवसा नाही, हे आम्हाला कुठून ठाऊक असणार?

"पाणी, पाणी" करत होते, तरी ऑपरेशन लागेल म्हणून तुम्ही फक्त ओठ ओले केलेत आणि दोन्ही हातांना सलाईन लावलंत. साखर १९० आली तेव्हा शेजारच्या काकूंनी मधुमेह जाहीरही करून टाकला होता! ॲड्रेनलिन, कॉर्टिसॉल, ग्लुकागॉन वाढलं की यकृत साखर सोडतं, नंतर परत तपासू, एवढंच म्हणालात. पुढे ती उतरली. काकूंचा अजून विश्वास नाही.

जिल्ह्याच्या रुग्णालयात पहिलं हिमोग्लोबिन १३ आलं आणि आम्ही निर्धास्त झालो. दुसऱ्या दिवशी ९. पण तुम्ही फोनवर आधीच बजावलं होतंत की सुरुवातीचा आकडा फसवतो, ऊतींतलं पाणी आणि सलाईन रक्तात मिसळलं की खरा आकडा दिसतो. त्यामुळे रात्री घरात रडारड झाली नाही. शिरेला टाके घातले, रक्ताची एक पिशवी चढवली.

आता लोहाच्या गोळ्या चालू आहेत. मूत्रपिंडातलं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक हाडांतल्या मज्जेला कामाला लावतंय, पण तांबड्या पेशी भरून यायला काही आठवडे जाणार, हे अण्णांना पटत नाही. आत्ताच कोयतीला धार लावून आणायचं चाललंय. तुमचा शब्द ते मोडत नाहीत, म्हणून पुढल्या आठवड्यात त्यांना बीपी बघायला तुमच्याकडे पाठवतोय. तेवढं दटावा.

आपला नम्र,
अण्णांचा थोरला