साचेखाते रिकामे ठेवा

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

मुंबईत काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल नंबर २-३ च्या जागेवर महापालिका वस्त्रोद्योग संग्रहालय उभारते आहे. काम महापालिकेचे असले, तरी पत्र तुम्हाला लिहितोय. मागणी कलेची आहे.

माझे वडील साचेवाले, म्हणजे कापड गिरणीत मागावर (साच्यावर) काम करणारे. साच्यांच्या खडखडाटात कान गेलेले, त्यामुळे घरातही ओरडूनच बोलायचे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पुढचे तुम्हाला ठाऊक आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे होते: शहराला मोकळी जागा, म्हाडाला घरे, मालकाला उरलेले. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती ठेवली. गिरणीत रिकामी जमीन असते कितीशी? फिनिक्स मिलमध्ये आज मॉल आहे, हे सांगायला नको.

लंडनचे बँकसाइड वीजकेंद्र १९८१ ला बंद पडले आणि २००० साली तिथे टेट मॉडर्न हे कलासंग्रहालय सुरू झाले. हर्झोग आणि द मेरॉन या वास्तुरचनाकारांनी ९९ मीटरची चिमणी तशीच ठेवली. टर्बाइन काढल्यावर उरलेली अजस्र पोकळीही त्यांनी मजले घालून भरली नाही. २००३ मध्ये ओलाफुर एलियासन या कलावंताने त्या पोकळीत एक भलामोठा सूर्य टांगला आणि लोक जमिनीवर उताणे पडून तो बघत राहिले. तिथे कायमच्या संग्रहाला तिकीट नाही. लांब कशाला, कोचीत व्यापारी कंपनीच्या जुन्या आस्पिनवॉल हाउसमध्ये २०१२ पासून बिएनाले हे कलाप्रदर्शन भरते.

काळाचौकीतही जुन्या बांधकामातली एक शेड अशीच मोकळी सोडा. तिथे साच्यावर वाकलेले कामगारांचे पुतळे नकोत. (पुतळ्यांना घाम येत नाही.) ती जागा आजच्या चित्रकारांना, शिल्पकारांना, जे.जे.च्या पोरांना, शाहिरांना सहा-सहा महिने द्या. अमर शेख, अण्णाभाऊ याच वस्तीत गायले. इथल्या माणसाला कला नवी नाही. दार रात्री नऊपर्यंत उघडे ठेवा, लोक कामावरून सुटून येतील. लालबाग-परळच्या चाळींना तिकीट नको.

आणि उद्घाटनाला भोंगा वाजवायचा बेत असेल, तर तो सकाळी सातला, पहिल्या पाळीला वाजवा. संध्याकाळी पाहुण्यांसाठी वाजवलात, तर इथल्या म्हाताऱ्यांना वाटेल कुठे आग लागली.

आपला,
एका साचेवाल्याचा मुलगा, परळ